जात्याविना ओवी

जात्यावरची ओवी व्यासपीठावर आणायची ठरली की आधी ढोलकीवाला शोधला जातो, मग पेटीवाला. माझ्या मते त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर शोधायला हवं: जात्याचं काय करायचं? ओवी बाई एकटी म्हणत नव्हती, जातं तिच्यासोबत होतं. त्याची घरघर हा तिचा षड्ज, त्याचा फेरा ही तिची लय, आणि वैरण, म्हणजे मूठभर दाणे, घालायला खुंट्यावरून सुटलेला हात ही तिची विसाव्याची जागा. गावात पिठाची गिरणी आली, जातं अंगणाच्या कोपऱ्यात गेलं आणि ओवीखालचा हा सगळा आधार निघाला. वाद्यं लावून तो परत देता येतो, पण वाद्यांचा स्वभाव वेगळा, ती ओवीला आपल्या वळणावर नेतात. सात-आठ बायकांच्या गळ्यांतूनच तो आधार उभा केला तर ओवी तिच्या चालीनं चालते. ही मांडणी कशी करायची, कुठे अडतं आणि का, ते इथे सविस्तर सांगते.

माझ्या डोळ्यांपुढे आहे तो बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांचा सीमाभाग. वरच्या अंगाला औराद, कमलनगर, भालकी, हुलसूर, बसवकल्याण. खाली आळंद आणि अफझलपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. सोयरिकी मात्र राज्याची हद्द बघून झाल्या नाहीत. उदगीर, देगलूर, उमरगा, अक्कलकोटच्या लेकी इकडे नांदायला येतात, इकडच्या तिकडे जातात. माहेर एका भाषेत आणि सासर दुसऱ्या भाषेत असलेल्या बायका इथे घरोघर आहेत. ओवीचा मोठा भाग माहेर-सासरच्या वाटेवरच घडतो, त्यामुळे या पट्ट्यात ओव्यांना तोटा नाही.

शिवाय ओवीच्या सर्वांत जुन्या लेखी नोंदींपैकी एक याच मातीतली आहे. बसवकल्याण म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. त्या घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वरानं ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. हत्ती, औषधं, स्वयंपाक, चित्रकला, संगीत असं त्यात काय काय आहे. त्यातल्या संगीताच्या भागात कोणत्या प्रसंगी काय गावं हे सांगताना महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद येते. दळणाऐवजी कांडण आहे, पण गोष्ट तीच: हातात काम, तोंडात ओवी. नऊशे वर्षांपूर्वी राजाच्या कानावर गेलेलं हे गाणं परवा-परवापर्यंत त्याच राजधानीच्या भोवतालच्या खेड्यांत पहाटे ऐकू येत होतं.

आणि इथे जातं एकट्या मराठीत बोलत नव्हतं. कन्नड बायकांची दळणाची पदं आहेत, त्यांना बीसुव पद म्हणतात. ती बहुतेक त्रिपदीत, म्हणजे तीन ओळींच्या जुन्या देशी छंदात असतात. विजयपूर जिल्ह्यातल्या हलसंगीच्या मित्रमंडळींनी, म्हणजे मधुरचेन्न, सिंपी लिंगण्ण आणि त्यांच्या सोबत्यांनी, बायकांची अशी गाणी गोळा करून १९३१ साली ‘गरतिय हाडु’ हा संग्रह काढला. तिसरी भाषा दखनी. सूफींच्या परंपरेतले चक्कीनामे बायकांनी दळताना म्हणावेत म्हणूनच रचले गेले. जात्याच्या एकेका भागाला त्यांत अध्यात्मातला अर्थ दिलेला असतो. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवर लिहिताना या गाण्यांकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. कलबुर्ग्याचे सूफी संत ख्वाजा बंदेनवाज १४२२ साली वारले. त्यांच्याही नावावर चक्कीनामा सांगितला जातो. एकाच दगडावर तीन भाषा, हे या भागाचं खास धन आहे, आणि मांडणी करताना ते हाताशी ठेवायला हवं.

आता कामाला लागू. पहिली पायरी गाणी मिळवण्याची. छापील संग्रह आहेत: साने गुरुजींचं ‘स्त्रीजीवन’ आहे, सरोजिनी बाबर यांनी संपादित केलेले खंड आहेत. पण छापलेल्या ओवीत गळा नसतो. चालीला या बायका गळा म्हणतात, आणि एकीला चार-पाच गळे येत असतील तर ती त्याच शब्दांना वेगवेगळे गळे लावते. म्हणून ऐकण्यासारखं दुसरं भांडार म्हणजे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी उभा केलेला जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह. लाखाहून अधिक ओव्या त्यांनी लिहून घेतल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्यासोबत त्यांतल्या पुष्कळ ध्वनिमुद्रितही झाल्या, आणि त्या आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. एकदा कान तयार झाला की मात्र आपल्याच गल्लीतल्या आजीकडे जावं.

आजीकडे गेल्यावर ‘ओवी म्हणा’ असं म्हणून ओवी येत नाही. हात रिकामे असले की ती अडखळते, दोन ओव्या झाल्या की ‘आता आठवत न्हाई बाई’ म्हणते. जातं असेल तर त्यावर मूठभर ज्वारी टाकून खुंटा हातात द्यावा. जातं नसेल तर समोर बसून दोघींनी एकमेकींचे हात धरून फिरवावेत, तेवढ्यानंही धागा लागतो. लग्नात हळद दळायला जातं बाहेर काढतात, त्याला आंब्याची पानं बांधतात, सवाष्णी खुंट्याला हात लावतात. त्या दिवशी ऐकायला मिळतं ते मागून मिळत नाही. ध्वनिमुद्रण करताना शब्दांबरोबर जात्याचा आवाजही नीट पकडावा. पुढच्या सगळ्या कामाचा पाया तोच आहे.

तो आवाज बारकाईनं ऐकला तर त्यात बरंच सापडतं. जातं एकसुरी घरघरत नाही. ताजी वैरण पडली की आवाज जाड आणि भरीव होतो. दाणे संपत आले की तो पातळ होतो, दगडावर दगड घासल्याची खरखर वर येते. पाथरवटानं नुकती टाकी लावलेली असेल तर तो खरबरीत, जुनं झालं असेल तर गुळगुळीत. समोरासमोर दोघी बसलेल्या असतील तर एक खुंटा आपल्याकडे ओढते तेव्हा दुसरीचा हात सैल असतो, आणि पुढच्या अर्ध्या फेऱ्यात उलट. म्हणजे एका फेऱ्यात आवाज दोनदा फुगतो आणि दोनदा बसतो, आणि ते दोन फुगे सारखे नसतात, कारण दोघींचा जोर सारखा नसतो.

हेच गळ्यात आणायचं. आठ जणी असतील तर चौघींना जात्याचं काम द्यावं आणि त्यांच्या दोन जोड्या कराव्या. चौघी षड्ज धरतात, ओठ मिटून किंवा अगदी थोडे उघडे ठेवून ‘उं’ आणि ‘म’ यांच्या मधला आवाज. पहिली जोडी अर्ध्या फेऱ्यात आवाज किंचित वाढवते, दुसरी तेव्हा सोडते. मग दुसरी वाढवते. वाढ फार थोडी हवी. ऐकणाऱ्याला फिरणं जाणवावं, पण चढउतार मोजता येऊ नये. सुरुवातीला बायका ही वाढ ठेक्यासारखी मारतात आणि सगळं कवायतीसारखं वाटायला लागतं. त्यावर उपाय म्हणजे समोरासमोर बसवून हात खरंच फिरवायला लावणं. हाताला ओढ लागली की गळा आपोआप तसा चालतो. पुढे हात थांबवले तरी अंग थोडं डुलत राहतं, ते राहू द्यावं.

श्वासाचा प्रश्न इथेच येतो. जातं श्वास घेत नाही, बायका घेतात. चौघींनी एकदम श्वास घेतला तर जातं बंद पडल्यासारखं होतं. म्हणून प्रत्येकीनं चोरून, आपला आवाज उतरत असताना श्वास घ्यायचा आणि परत यायचं ते हळूच, आवाज न आपटता. शेजारणीच्या श्वासाकडे कान ठेवला की हे जमतं. भजनी मंडळातल्या बायकांना ही सवय आधीच असते. सप्ताहात तासन्‌तास नाम चालू ठेवताना कोणी कुठे थांबायचं हे त्यांना सांगावं लागत नाही.

पट्टी कोणती? खेड्यातल्या बायका ओवी छातीच्या आवाजात, खालीच म्हणतात. शाळेतल्या समूहगीताची उंच पट्टी इथे चालत नाही, ओवी किंचाळल्यासारखी होते. खालच्या पांढरी पाचचा षड्ज बहुतेकींना पेलतो. कोणाला जड गेला तर काळी चार. त्या षड्जाखालचा पंचम बायकांच्या गळ्याला पोचत नाही, तेव्हा पंचम लावायचाच असेल तर वरचा, मध्य सप्तकातला. पण लावायचा का, हे गळा बघून ठरवावं. चाल मध्यमावर रेंगाळत असेल तर पंचम त्या मध्यमाला खेटून बसतो आणि दोन्ही स्वर एकमेकांना त्रास देतात. तेव्हा फक्त षड्ज ठेवावा. चाल गंधारापर्यंतच जात असेल तर पंचमानं बिघडत नाही, उलट मोकळेपणा येतो.

एक उदाहरण घेऊन पाहू. कोणा आजीची ओवी तिच्या परवानगीविना इथे छापायची नाही म्हणून उदाहरणापुरती मीच ही रचली आहे:

मांजरेच्या थडीला, ज्वारी पिकली गं बाई
दिवाळीच्या सणाला, बंधू अजून आला न्हाई

गळा साधा घेऊ, चारच स्वरांचा: षड्ज, रिषभ, गंधार, मध्यम. पहिला तुकडा षड्जावरून गंधारापर्यंत चढून परत षड्जावर येतो. दुसरा तुकडा गंधारावरच सुरू होतो, ‘पिकली’च्या ‘पि’वर मध्यमाला शिवतो आणि ‘बाई’वर षड्जाला टेकतो. दुसरी ओळ त्याच वाटेनं जाते. एवढंच. ओवीच्या चाली साधारण अशाच आटोपशीर असतात, कारण दळता दळता धाप लागलेली असते, आणि लक्ष शब्दाकडे असतं.

आता अक्षरं मोजली तर पहिल्या तुकड्यात सात, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात सात आणि चौथ्यात नऊ. एक अक्षर जास्त आहे. ठेक्यात बांधलेल्या गाण्यात हे अक्षर टोचेल आणि मांडणी करणारा ते कापायला बघेल. जात्यावर ते कुणाला टोचत नाही. ‘अजून’मधला ‘न’ बाई जवळजवळ गिळते आणि पुढच्या ‘आ’मध्ये मिसळून टाकते, ‘न्हाई’ ओढून धरायला तिला जागा मिळते. दुसरी एखादी ‘अजून’ नीट सुटं म्हणेल आणि ‘न्हाई’ तोडेल. दोन्ही बरोबर. मांडणी लिहिताना अक्षराखाली मात्रा बांधू नयेत. कुठल्या अक्षरावर कुठला स्वर, एवढं लिहावं आणि लांबी म्हणणारीवर सोडावी. जात्याचा फेरा एकसारखा फिरत असतो आणि ओवीची ओळ त्याच्यावरून पुढेमागे सरकत असते. ओळ फेऱ्याच्या सुरुवातीलाच सुरू झाली पाहिजे असं नाही. मला या गाण्यातलं सगळ्यात सुंदर काय वाटतं असं विचारलं तर मी हे सरकणं सांगेन. केरवा किंवा दादरा लावला की पहिल्यांदा तेच मरतं.

उरलेल्या चौघींपैकी दोघी ओवी सांगणाऱ्या, दोघी झील धरणाऱ्या. पहिली ‘मांजरेच्या थडीला’ एकटी म्हणते. ‘ला’ अजून लांबवलेलाच असतो तेव्हा दुसरी ‘ज्वारी’ उचलते आणि पहिली तिच्यात मिसळते. झीलवाल्या ‘ज्वारी पिकली गं बाई’ एवढंच परत म्हणतात, आणि त्यांचा ‘बाई’ संपायच्या आत पहिली ‘दिवाळीच्या’ सुरू करते. कुठेही कोरी जागा राहत नाही. हे एकमेकींवर चढणं आधी गोंधळाचं वाटतं, पण दोघी दळताना हेच होतं: एकीची ओळ सरते न सरते तोच दुसरीला सुचलेलं असतं. झीलवाल्यांना ‘गं बया’, ‘सांगते बाई’ असे भरीचे शब्द घालायची मोकळीक द्यावी. या भरीच्या शब्दांना मांडणीत फार किंमत आहे. त्यांनी ओळ लांबते आणि पुढची ओवी आठवायला वेळ मिळतो, शिवाय कान शब्दांतून जरा सुटतो.

दोघी एकच चाल म्हणत असल्या तरी एकीची मुरकी दुसरीसारखी नसते. तालमीत गायक मंडळी हे ‘दुरुस्त’ करायला बसतात. करू नये. दोघींनी एकाच वाटेनं, आपापल्या पावलांनी जावं. दोन आवाजांमधला जो बारीक फरक राहतो त्यातूनच समूहाला भरीवपणा येतो. शब्द आणि मुक्कामाचे स्वर तेवढे एक हवेत. पहिला आणि शेवटचा स्वर जुळला की मधला मतभेद गोडच लागतो.

यापुढे मोह येतो स्वरमेळाचा. पाश्चात्त्य पद्धतीनं दुसरा आवाज वर तिसऱ्या स्वरावर ठेवला, खाली आणखी एक ठेवला, की गाणं ‘मोठं’ वाटतं. इथे सावध राहावं लागतं, आणि त्याला कारण आहे. जुन्या बायकांचा गंधार पुष्कळदा ना पुरता कोमल असतो ना पुरता शुद्ध. तो दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतो आणि चढताना एक, उतरताना दुसरा असतो. पेटीच्या पट्ट्यांत तो सापडत नाही. दुसऱ्या आवाजानं एक गंधार ठाम धरला की ओवी सांगणारीला आपला गंधार सोडून तिकडे जावं लागतं, आणि गळाच बदलतो. तेच चालीत नसलेल्या स्वरांचं. आपल्या उदाहरणात धैवत नाही, निषाद नाही. सोबतीच्या आवाजांनी ते आणले तर ऐकणाऱ्याला एक राग दिसायला लागतो, जो म्हणणारीच्या मनात कधीच नव्हता. म्हणून माझा नियम कडक आहे: सोबतीच्या आवाजांना षड्ज, चाललाच तर पंचम, आणि चालीत जे स्वर आहेत तेवढेच.

स्वरमेळ वाईट असतो असं मात्र मी म्हणणार नाही. गोव्यातल्या कोकणी मांडोला दोन आवाजांची जोड जन्मापासून आहे. चर्चच्या संगीतशाळांत तयार झालेल्या कानांनीच तो रचला, तेव्हा तिथे दुसरा आवाज घरचाच. ओवीच्या घरात तो पाहुणा आहे.

हा पेच आपल्यापुरताच नाही, हेही सांगायला हवं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज बेटं आहेत. तिथे विणलेलं लोकरीचं ओलं कापड घट्ट व्हावं म्हणून बायका लांब फळीभोवती बसून ते एका तालात आपटत असत. एक जण गेलिक भाषेत ओळ म्हणायची, बाकीच्या अर्थ नसलेल्या अक्षरांचं धृपद उचलायच्या. आपली झीलच ती. मार्जरी केनेडी-फ्रेझर या बाईंनी बेटांवरची गाणी गोळा करून १९०९ पासून पियानोच्या साथीसह छापली. त्यांच्यामुळे ती गाणी जगभर पोचली, आणि पुढच्या संग्राहकांनी त्यांच्यावर टीकाही केली की दिवाणखान्याला शोभावीत म्हणून त्यांचा खडबडीतपणा घालवला. ग्लासगोत ह्यू रॉबर्टन यांचा ऑर्फियस क्वायर १९०६ पासून १९५१ पर्यंत देशी गाणी वाद्याविना गात होता, आणि फार लोकप्रिय होता. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या नावाशी जोडलेलं ‘का द योज’ हे मेंढपाळांचं गाणं इंग्रज संगीतकार व्हॉन विल्यम्स यांनी १९२२ साली एक पुरुष गायक आणि वाद्याविना समूह अशा रूपात मांडलं. तिथल्या कित्येक जुन्या चालींत पाच किंवा सहाच स्वर आहेत. चार आवाजांचा स्वरमेळ करायचा तर उरलेले स्वर कुठून तरी आणावे लागतात, आणि प्रत्येक मांडणी करणाऱ्याला ठरवावं लागतं की चालीनं जी जागा मोकळी ठेवली ती आपण भरायची की तशीच ठेवायची. उत्तरं वेगवेगळी आली, काही अतिशय सुंदर आली. ओवीच्या बाबतीत मी मोकळी जागा ठेवण्याच्या बाजूची आहे, कारण आपल्याकडे अजून असे कान जिवंत आहेत ज्यांनी मूळ गाणं जात्याजवळ बसून ऐकलं आहे.

एकच ओवी म्हणजे कार्यक्रम नव्हे. ओव्यांचा क्रम लावणं ही मांडणीतली वेगळी मेहनत आहे. दळायला बसली की बाई आधी देवाचं नाव घेते: विठ्ठल, तुळजापूरची भवानी, गाणगापूरचे दत्त, भालकीजवळच्या खानापूरचा मैलार. मग आई-बाप, भाऊ, लेक, क्वचित नवरा, आणि मन मोकळं झालं की सासरचं दुखणं. हाच क्रम ठेवावा. सात ते नऊ ओव्या पुरतात. त्याहून जास्त घेतल्या तर जातं ऐकू यायचं थांबतं. कानाला सवय होते. दोन ओव्यांच्या मध्ये वैरण घालायची जागा ठेवावी: जात्याच्या एका जोडीनं थांबायचं, दुसऱ्या जोडीनं आवाज पातळ करायचा, आणि मग सगळ्यांनी जाड आवाजानं परत यायचं. इथे गळा बदलता येतो. देवाच्या ओव्यांचा गळा वेगळा, भावाच्या ओवीचा वेगळा. षड्ज मात्र तोच.

तिन्ही भाषा एका मांडणीत घ्यायच्या तर हीच वैरणीची जागा कामाला येते. मराठी ओवी संपते, जातं पातळ होतं, आणि त्यावर कन्नड त्रिपदी सुरू होते. त्रिपदीला तीन ओळी, आणि गाताना दुसरी ओळ परत घेऊन तिसरीला जोडायची रीत असते. ओवीच्या दोन ओळींशी तिची लांबी जुळत नाही. जुळवूही नये. मराठी आणि कन्नड ओळी एकावर एक चढवल्या तर कुठलीच समजत नाही. त्याऐवजी कन्नड पदाची झील मराठी बायकांनी धरावी आणि ओवीची झील कन्नड बायकांनी. शेवटचा तुकडाच तर परत म्हणायचा असतो, तो चार वेळा ऐकून बसतो. चक्कीनाम्यासाठी दखनी जिभेची बाईच हवी. ‘क’ घशातून काढून दाखवणारी सुशिक्षित गायिका इथे उपयोगाची नाही, कारण दखनी बोलणारी तसा उच्चार करतेच असं नाही. तिन्हींना एकच षड्ज पुरतो. पुरावा शोधायला लांब जायला नको, तिघी एकाच गावात तशाच दगडावर दळत होत्या.

बोलीबद्दल थोडं. ‘न्हाई’चं ‘नाही’ करू नये, ‘थडी’चा ‘किनारा’ करू नये. शहरातल्या समूहानं ओव्या बसवल्या की शब्द धुऊन निघतात, आणि शब्दाबरोबर स्वरही बदलतो: ‘न्हाई’च्या ‘न्हा’त जो श्वास आहे तो ‘नाही’त नाही, त्यामुळे शेवटचा स्वर कोरडा पडतो. ज्या गावची ओवी, त्या गावचा उच्चार.

मंचावर बायकांना एका ओळीत प्रेक्षकांकडे तोंड करून उभं करतात. त्यानं एकमेकींचा श्वास ऐकू येत नाही. अर्धवर्तुळात, शक्यतो बसून, जात्याच्या चौघी मधोमध आणि समोरासमोर. ध्वनिक्षेपक दोन बस्स झाले, आणि तेही जरा लांब. प्रत्येकीच्या तोंडापुढे एकेक दिला की ध्वनियंत्रणेवरचा माणूस ओवी सांगणारीला वर काढतो आणि जातं बुडवतो. सुरुवातीचा षड्ज तानपुऱ्यानं किंवा पेटीच्या एका पट्टीनं द्यावा आणि वाद्य बंद करावं. शेवट करताना लय उतरवून, शेवटची ओळ तीनदा म्हणून टाळ्या मागू नयेत. ओवी सांगणाऱ्या थांबल्यावर जात्याच्या चौघींनी आणखी दोन-तीन फेरे पातळ आवाजात फिरवावेत आणि एकेका जोडीनं सोडून द्यावं.

राहिली कागदाची गोष्ट. मांडणी लिहून ठेवलीच पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी निम्म्या बायका बदलल्या की सगळं नव्यानं शोधावं लागतं. स्वरलिपीत गळा, अक्षराखाली स्वर, डाव्या समासात जात्याच्या जोड्यांची खूण, एवढं पुरेसं. वर ओवी कोणाकडून मिळाली, कुठल्या गावची, तिचं माहेर कुठलं, हे लिहावं, पण त्या बाईला विचारूनच. कित्येकींना सासरच्या दुखण्याच्या ओवीखाली आपलं नाव नको असतं, आणि तो त्यांचा हक्क आहे. नऊ ओव्यांची मांडणी असेल तर त्यातल्या दोन जागा कोऱ्या सोडाव्या. ज्या गावात कार्यक्रम असेल तिथल्या एखाद्या जाणत्या बाईला आदल्या संध्याकाळी भेटून त्या जागा तिच्या ओव्यांनी भराव्या. तिला आपल्या पट्टीत आणायला जाऊ नये. तिची पाळी यायच्या आधीच्या वैरणीच्या जागी जात्याच्या चौघींनी आवाज पूर्ण सोडावा, तिला ओवी सुरू करू द्यावी, आणि तिचा षड्ज कुठे आहे तो ऐकून त्याच्याखाली परत फिरायला लागावं.